मागच्या गेटवरचा हुकूम

पलटणीतून सुटल्यावर मी लालबागच्या एका गिरणीच्या मागच्या गेटवर लागलो. नोकरी गिरणीची नव्हती, ठेकेदाराची होती. ठाकूरद्वारला एका माडीवर त्याची एक खोली होती. तिथून खाकी कपडे, पट्टा आणि लाठी मिळाली. खांद्यावर नंबर नव्हता. मी विचारलं तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "नंबर पोलिसांना लागतो, हवालदार."

माझ्याबरोबर लान्स नाईक भिकाजी कांबळे होता. गाव रत्नागिरीकडचं, राहायला परळच्या चाळीत. ब्रह्मदेशात आम्ही एकाच कंपनीत होतो. त्याच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. कमी बोलणारा, कामाला चोख. सहाची ड्यूटी असली की पावणेसहाला हजर.

संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ झाला, त्या दिवसाची ही गोष्ट. सकाळी भोंगा झाला नाही. कापड विणणारे साचे बंद, यंत्रांचे पट्टे बंद. गिरणी चालू असते तेव्हा पायाखालची जमीन थरथरत असते. ती थांबली की आपलाच तोल गेल्यासारखं वाटतं. भर दुपारी साचाखात्यात कापसाचे तंतू हवेत तरंगत होते, खाली बसत नव्हते. कांबळे म्हणाला, "साहेब, हिते कुनीतरी श्वास धरून बसलंय."

नऊ वाजता लॉरीतून चार माणसं आली होती. अंगावर आमच्यासारखीच खाकी, पण हातात बारा बोरच्या बंदुका. मी पलटण विचारली. एकानेही उत्तर दिलं नाही. आमच्या सुपरवायझरने त्यांना साचाखात्याच्या छपरावर चढवलं आणि तो निघून गेला.

दोन वाजून वीस मिनिटांनी गेटजवळच्या आमच्या चौकीतला फोन वाजला.

"मागचं गेट?"

"हवालदार बोलतोय. आपण?"

"गल्लीत माणसं जमलीत. माणूस बाहेर पाठवा. पांगवा त्यांना."

मी गेटमधल्या छोट्या दिंडी दरवाजातून बाहेर पाहिलं. गल्ली रिकामी होती. सकाळच्या लाठीमारात सुटलेल्या चपला पडल्या होत्या, तेवढंच. चाळींच्या खिडक्या बंद.

"गल्लीत कोणी नाही, साहेब. आपलं नाव?"

"मला दिसतंय ते. ऑर्डर आहे."

आवाज संथ होता. हिशेबनिसाने रकाना वाचावा तसा. फोन बंद झाला.

लष्करात हुकूम आला की त्याच्यामागे माणूस असतो. नाव असतं, रँक असते. चुकला तर कोर्ट मार्शल असतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी कांबळेकडे वळलो.

"कोपऱ्यापर्यंत जाऊन ये. दोन मिनिटं."

"जी."

तो दिंडीतून वाकून बाहेर गेला. लाठी काखेत, चाल नेहमीची. समोरच्या चाळीची एक खिडकी किलकिली झाली. आतून बाईचा आवाज आला, "ओ भाऊ, आत जा! वर बघा, वर!"

कांबळेने वर पाहायला मान वळवली आणि बार झाला.

एकच बार. मी धावलो. छर्रे पाठीत आणि मानेत होते. जखम आमच्या छपराच्या बाजूने होती. मी ओरडलो, "सीज फायर! आपला माणूस आहे!" कठड्यावर चार डोकी दिसली. ती हलली नाहीत. घाबरलेली नव्हती, रागावलेलीही नव्हती. मग एकेक करून खाली गेली.

"कोन होतं, साहेब?" कांबळेने विचारलं.

एवढं विचारून त्याने प्राण सोडला.

त्याला आत आणून मी छपरावर चढलो. चार गोणपाटं आणि एक रिकामं काडतूस. पुढच्या गेटवरची लॉरी गेली होती.

मग विचारपूस सुरू झाली. पोलीस म्हणाले, कांबळे आमचा नाही. गिरणीचे अधिकारी म्हणाले, आमच्या मस्टरवर नाही. ठाकूरद्वारच्या खोलीला दोन दिवस कुलूप होतं. तिसऱ्या दिवशी सुपरवायझर भेटला. म्हणाला, "आम्ही दोनच माणसं दिली होती. छपरावर कोणी नव्हतं."

"तुम्हीच चढवलंत त्यांना. आणि फोन?"

"फोन त्या दिवशी बंद होता. गिरणीला विचारा."

गिरणीनेही तेच सांगितलं. खिडकीतली बाई म्हणाली, मी काही पाहिलं नाही. तिचा नवरा त्याच गिरणीत होता. माझा जबाब घेणाऱ्या फौजदाराने शेवटी विचारलं, "ते सगळं राहू द्या. कांबळेला बाहेर जा असं कोण म्हणालं?"

"मी."

त्याने लिहून घेतलं. त्या अख्ख्या कागदात हुकूम देणारा म्हणून एकच नाव आहे. माझं.

परळला जाऊन मी कांबळेच्या बायकोला, सरूबाईला, हे सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती.

"तुमी सांगितलंत म्हनून ते गेले," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर गेले नसते."

मी ती नोकरी सोडली. त्या आवाजाचा माणूस मला कधी सापडला नाही. अनोळखी माणूस संथपणे बोलू लागला की मी अजून ऐकत उभा राहतो.

या सगळ्याआधी, कांबळेच्या अंत्ययात्रेला पलटणीतले नऊ जण मेडलं लावून आले होते. चाळीच्या पटांगणात त्रिसरणाचा पाठ झाला. बिगुल नव्हता. मी एक पाऊल पुढे झालो.

"लान्स नाईक भिकाजी राघो कांबळे," मी म्हणालो. "गार्ड, सावधान."

नऊ जोड टाचा जुळल्या. गॅलऱ्यांमध्ये बसलेल्या बायकाही उठून उभ्या राहिल्या.