कावळा शिवेना तेव्हा
मुलीचे शाळेचे जुने कागद आवरताना एकोणिसाव्या शतकातल्या एका पत्रकार बाईवरचा तिचा प्रोजेक्ट हाती लागला आणि पुन्हा कपाळाला आठी पडली. तो प्रोजेक्ट ती करत होती तेव्हा लॉकडाऊन होता. सिडनीतल्या गिरावीनच्या आमच्या घरी डायनिंग टेबलावर एका टोकाला माझं ऑफिस, दुसऱ्या टोकाला तिची शाळा. ही बाई म्हणे मेलबर्नच्या पेपरात मंत्र्यांना धारेवर धरायची आणि संध्याकाळी चार लोक जमवून मेलेल्या माणसांशी बोलायची. "एवढी शिकलेली, आणि असला खुळचटपणा!" मी म्हणाले. त्याच दुपारी पुण्याहून भावाचा व्हिडिओ कॉल आला. बाबांचा दहावा होता आणि बॉर्डर बंद म्हणून मी इथेच अडकलेले. त्याने गच्चीवर पिंड ठेवला होता. कावळा कठड्यावर बसून नुसता बघत होता, तासभर झाला तरी शिवेना. "ताई, तूच बोल काहीतरी, त्यांचा जीव तुझ्यात अडकलाय," भाऊ रडकुंडीला आला होता. मी वैतागून फोनवर ओरडले, "बाबा, बॉर्डर उघडली की पहिल्या विमानाने येते आईकडे, आता तरी शिवा एकदाचे!" कावळा झेपावला. मुलीने लॅपटॉपवरून मान वर केली. "आई, इझंट दॅट व्हॉट शी डिड?" "गप्प बस, होमवर्क कर," मी खेकसले. बॉर्डर उघडून आता वर्षं झाली. दरवर्षी तिकिटं बघते आणि दरवर्षी काहीतरी निघतंच. त्या कावळ्याने मात्र माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता.