हूं म्हणणारा वाघ

नानासो हवालदार पलटणीतून पेन्शनीत निघून घरी आले, तेव्हा बरोबर एक लोखंडी पेटी, एक वाकडं बोट आणि हुकूम ऐकायची सवय घेऊन आले. पेटी त्यांच्या बायकोनं, विजयमालाकाकूंनी, तांदूळ ठेवायला घेतली. बोट ट्रकच्या फाळक्यात सापडून वाकडं झालं होतं, ते त्यांच्यापाशीच राहिलं. सवयीचा मात्र गावात काही उपयोग नव्हता, कारण तिथे हुकूम सोडणारे उदंड आणि ऐकणारा एकही नाही. शिरवळपासून दोन कोसांवर त्यांचा मळा, ऊस पोरांच्या हाती. असा रिकामा माणूस घरात बसला की तो बायकोला भाकरी थापायला शिकवू लागतो. चार महिन्यांत काकूंनीच त्यांना देवळाकडे पिटाळलं.

मारुतीच्या देवळापुढच्या फरशीवर कुणीतरी कधीकाळी वाघबकरीचा पट कोरून ठेवलेला होता, आणि त्या पटाशी दुपारी बयाबाई बसलेली असे. बयाबाई माण तालुक्यातली धनगरीण. बहात्तरच्या दुष्काळात कळप विकला आणि मुलाचं बोट धरून ती या उसाच्या मुलखात आली. मुलगा तिशीचा होता, पण बोट त्यानं धरलं होतं की तिनं, यावर गावात दोन मतं होती.

खेळ सगळ्यांना ठाऊक असलेलाच. चार काळे खडे म्हणजे वाघ, वीस चिंचोके म्हणजे बकऱ्या. वाघ बकरीवरून उडी मारतो आणि तिला खातो. बकऱ्यांनी मिळून वाघांच्या वाटा अडवल्या की वाघ कोंडले. पण बयाबाईच्या चिंचोक्यांना नावं होती. बांडी, मुकी, लंगडी, काळकी. एका किडक्या चिंचोक्याचं नाव सवत, आणि ती दर डावाला पहिल्या झटक्यात वाघापुढे जाई. विसावी बकरी चिंचोका नव्हतीच, ती पांढरीशुभ्र कवडी होती. तिचं नाव चांदी.

बयाबाई चालीगणिक गोष्ट सांगे. "बांडी निघाली वढ्याला. लंगडी म्हनली, मी बी येती. वढ्याला करवंदीची जाळी, आन जाळीत तुमी." एवढं बोलून ती थांबे. समोरच्यानं हूं म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नसे.

पहिल्या दिवशी नानासो ताठ बसून म्हणाले, "हाजी!"

"हाजीवर गोष्ट हालत न्हाई, हवालदार. हूं म्हना."

नानासो हूं म्हणाले, आणि तीन वर्षं म्हणतच राहिले. कारण एक डाव दुसऱ्यासारखा निघतच नसे. आज बांडी मेली तर उद्याच्या गोष्टीत तिचं करडू आईला हुडकत फिरे, आणि ते फिरायला लावलं नानासोंच्या उडीनंच. वाघ व्हायचं आणि वर पुढे काय झालं म्हणून तळमळायचं, असं दुहेरी सुख त्यांना पलटणीत कधी मिळालं नव्हतं. काकू म्हणायच्या, "घरी माज्या एका शब्दाला हूं म्हनत न्हाईत, आन तिकडं दुपारभर हूं हूं." पण त्यांची तक्रार खोटी होती. घरात शांतता होती आणि भाकऱ्या गोल होत होत्या.

चांदीचं काय, ते नानासोंनी एकदाच विचारलं. बयाबाईनं चिंचोके गोळा करता करता सांगितलं. व्यापाऱ्याचा ट्रक आला, फळी लावली, पण एक मेंढरू वर चढेना. मग हिनं चांदीला हाक मारली. चांदी चढली, तिच्यामागं सगळी चढली.

"माज्या हाकंवर गेली ती," एवढंच म्हणून तिनं कवडी कनवटीला लावली.

त्यानंतर दोन-तीनदा चांदी सरळ नानासोंच्या वाघापुढे सापडली होती. नानासोंनी कान खाजवला आणि भलतीच चाल केली. वर म्हणाले, "चष्मा इसरलो." बयाबाई म्हणाली, "व्हय, दिसत नसंल." गोष्ट पुढे गेली.

सत्त्याहत्तर साली मुंबईहून टीव्हीची माणसं आली. गावाकडच्या खेळांवर कार्यक्रम करायचा होता. त्यांच्या मुख्याचं नाव टिपणीस. बरोबरचे सगळे त्यांना साहेब म्हणत, आणि तो शब्द ऐकताच नानासोंचे पाय आपोआप जुळले.

पट मांडला, कॅमेरा लावला, एकानं कानाला डबड्या चढवल्या. टिपणीस ओरडले, "शांतता! बाई, बोला."

"बांडी निघाली वढ्याला," बयाबाई म्हणाली आणि थांबली. नानासो गप्प. तीही गप्प. फिल्म फुकट फिरत राहिली.

"काय झालं?"

"हूं कुठाय?"

"हूंनं आवाज खराब होतोय. हवालदार नुसती मान हलवतील."

"मान हलवाय त्यो काय नंदीबैल हाय?"

चार वेळा असं झाल्यावर टिपणिसांनी हात टेकले. हवालदारांनी हूं म्हणावं, ते मुंबईला गेल्यावर कापून टाकू, असं ठरलं. हूं कापायला मुंबईला न्यावा लागतो, हे गावाला नवीन होतं.

डाव रंगला. नानासोंनी तेरा हूं दिले आणि वाघ कोंडले गेले. टिपणीस मात्र नाराज. "यात काही घडलंच नाही. ती पांढरी कवडी मेली पाहिजे. बघणारा रडला पाहिजे."

"रडाय डाव कशाला मांडाय पायजे? ते बिनडावाचं बी येतंय," असं म्हणून बयाबाई उठली आणि भाकऱ्या टाकायला घरी गेली. पट हलवू नका, अजून फोटो काढायचाय, असं टीव्हीवाल्यांनी सांगितल्यामुळे चिंचोके आणि कवडी तिथेच राहिली.

टिपणिसांनी आठ-दहा चिंचोके इकडचे तिकडे केले. कॅमेऱ्याला डोळा लावून, मान वर न करता ते म्हणाले, "हवालदार, फक्त हात दिसेल. चला, उडी!"

बावीस वर्षांची नोकरी होती ती. हुकूम कानात शिरला आणि हातानं उडी मारली. नानासोंना कळलं तेव्हा कवडी त्यांच्या मुठीत होती. त्यांनी ती घाईघाईनं परत पटावर ठेवली, जशी काही ती कुठे गेलीच नव्हती.

दीड महिन्यानं पत्र आलं. गुरुवारी संध्याकाळी पावणेसातला कार्यक्रम. नानासोंची भूक मेली. बयाबाईला उडीचं कळलं, की ती पटाशी यायची नाही, आणि ती आली नाही की उरलेला जन्म दुपारी करायचं काय, हे त्यांना दिसेना. त्यांनी बयाबाईला सांगून पाहिलं की टीव्हीनं डोळे जातात. ती म्हणाली, "मग तुमचं आधीच गेल्यात, तुमी बघा." त्यांनी पोराला सांगितलं की टीव्ही बघायला गावाला शिरवळला न्यायचा ट्रॅक्टर बिघडलाय. पोरानं तो चालू करून दाखवला. शेवटी काकूंपाशी कबुली दिली.

काकू म्हणाल्या, "आवं, सांगून टाका की सरळ. लढाईवर गेलावता न्हवं?"

"लढाईत समोर बयाक्का न्हवती," नानासो म्हणाले.

मग त्यांनी डोकं लढवलं. टीव्ही शिरवळात लालासाहेबांच्या खताच्या दुकानात होता. अँटेना माडीवर बांबूला बांधलेली, वाऱ्यानं फिरायची, म्हणून एकानं वर उभं राहून ती धरावी लागे. नानासो स्वतःहून वर चढले. हिशेब सोपा होता. टीव्ही वरून दिसत नसला तरी आवाज येणार. डावात एकूण तेरा हूं. टिपणीस मरण शेवटी घालणार हे नक्की. बारावा हूं ऐकू आला की बांबू गर्रकन फिरवायचा. चित्र जाईल, लोक शिव्या घालतील, शिव्यांची त्यांना पलटणीपासून सवय होती.

खाली सगळं गाव पोत्यांवर बसलेलं. पडद्यावर मुंग्याच मुंग्या, पण आवाज स्वच्छ होता. बयाबाईचा आवाज सुरू झाला. "बांडी निघाली वढ्याला. लंगडी म्हनली, मी बी येती. वढ्याला करवंदीची जाळी, आन जाळीत तुमी. मुकी म्हनली..."

नानासो पहिल्या हूंची वाट बघत होते. हूं आलाच नाही. गोष्ट न थांबता, कुणाला न विचारता, धावत सुटली होती. मुंबईनं शब्द पाळला होता. सगळे हूं कापले होते आणि त्यांच्याबरोबर नानासोंचा हिशेबही कापला गेला होता. गडबडून त्यांनी स्वतःच वरून हूं दिला. सवयीनं आणखी एक दिला. खाली लोक वर बघू लागले. आपण कुठवर आलो तेच कळेना, तेव्हा घाबरून त्यांनी बांबू फिरवला.

खालून एकच आरोळी उठली. "आलं! आलं! आरशावानी आलं! हवालदार, तसंच धरा! हालू नगा!"

हुकूम होता. नानासोंनी बांबू तसाच धरला.

मग खालून कुणीतरी ओरडलं, "चांदी गेली!" पाठोपाठ लालासाहेबांचा आवाज आला, "ह्यो वाकड्या बोटाचा हात कुणाचा रं?" तालुक्यात तसं बोट एकच होतं.

परतताना ट्रॉलीत चर्चा रंगली. केरबाचं मत पडलं की टीव्हीतला वाघ लय मोठा दिसतो, देवळात एवढी मजा नाही. हरिबा म्हणाला, "मजा कसली? सवतच गाळली. आन आपून हूं म्हना न्हाईतर मरा, त्येचं त्ये बोलतंय. चांदी का मेली म्हनून इचारायचं कुनाला?" बयाबाई ट्रॉलीच्या कडेला कनवट मुठीत धरून बसली होती. गावात उतरल्यावर ती नानासोंजवळ थांबली.

"तीन वरसं तुमी चांदीवर उडी मारली न्हाई," ती म्हणाली. "चष्म्यापायी न्हाई, ते मला ठावं हुतं."

नानासोंना वाटलं, तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते मान खाली घालून उभे राहिले आणि ती निघून गेली.

तीन दिवस बयाबाई देवळाकडे फिरकली नाही. नानासो रोज फरशी झाडून पटासमोर बसत. घरी त्यांनी पुन्हा भाकरीबद्दल एक सूचना केली आणि काकू परात घेऊन परसात जाऊन बसल्या. चौथ्या दिवशी दुपारी बयाबाई आली. नानासो धडपडत उठून उभे राहिले.

"बयाक्का, माजं चुकलं. सायेब म्हनला उडी, आन मारली मी."

"ठावं हाय. मी हाक मारली, आन ती चढली."

ती नेहमीच्या जागी बसली नाही. वळसा घालून नानासोंच्या जागेवर, वाघांकडे जाऊन बसली. चार काळे खडे तिनं स्वतःपुढे ओढले. कनवटीची पुरचुंडी सोडून एकोणीस चिंचोके पलीकडे लोटले आणि शेवटी कवडी नानासोंच्या तळहातावर ठेवली. तिनं आजवर आपल्या बकऱ्या दुसऱ्या कुणाच्या हाती दिल्या नव्हत्या.

"आता तुमी राखा तिला. गोष्ट बी तुमीच सांगा."

 जन्मात नानासोंनी गोष्ट सांगितली नव्हती. पलटणीतला रिपोर्ट तेवढा सांगितला होता. त्यांनी कवडी पटाच्या कोपऱ्यात, वाघांपासून दूर ठेवली. किडका चिंचोका शोधून काढला आणि तो पुढे सरकवला. घसा खाकरला, पाय जुळवले, मग आपण बसलोय हे लक्षात येऊन सैल केले.

"एक चांदी हुती," ते म्हणाले, आणि पुढचं काही सुचेना म्हणून तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"हूं," बयाबाई म्हणाली.