धरणाकाठचा समेट

आम्हा नवराबायकोत त्या दिवशी भांडण झालंच नव्हतं. समेट मात्र झाला, आणि तो डिंभ्याच्या धरणाकाठी, माहेरच्या सगळ्या भावकीसमोर, उघड्या माळावर झाला.

आमची पल्लवी तेव्हा नववीत होती. पुण्याच्या काही हौशी मंडळींनी निरगुडसरच्या बाजूच्या मुलींसाठी एक सहल काढली. धरणात छोट्या छोट्या होड्या वल्हवायच्या, पलीकडच्या काठाला लागायचं, तंबू ठोकायचे, आपलं आपण रांधायचं, तिथंच झोपायचं आणि सकाळी वल्हवत परत. त्या होडीला ‘कयाक’ म्हणतात. हे पल्लवीनं घरात इतक्यांदा सांगितलं, की गोठ्यातली म्हैससुद्धा त्या नावाला कान टवकारायला लागली.

मुलींच्या आया मात्र एका सुरात नाही म्हणाल्या. त्यांच्या पुढारी आमच्या शेजारच्या सुमनताई. त्यांची सारिका पल्लवीच्याच वर्गात.

“रातचं बाहेर? आन् तेबी पाण्यापाशी? काय गरज हाय का?”

पल्लवीनं अन्न सोडलं. (म्हणजे माझ्यासमोर सोडलं. दुधावरची साय कुठं जाते हे मी विचारलं नाही.) सारिकानंही तिकडं तेच केलं. शेवटी सुमनताई नरमल्या, पण दोन अटी घालून. एक, बरोबर कुणीतरी पोक्तं बाईमाणूस पाहिजे. दुसरी, मुक्कामाच्या जागी पुरुषमाणूस औषधालाही दिसता कामा नये. यातलं काही मोडलं, तर पोरी तिथल्या तिथं घरी आणि पुन्हा सहलीचं नाव काढायचं नाही.

“मी जाते की!” मी म्हणाले. “पाण्याचं मला काय कवतिक? माझं माहेरच धरणाच्या काठाला हाय.”

हे अगदी खरं होतं. फक्त धरणात पाणी भरलं ते माझं लग्न होऊन गेल्यावर. माझ्या लहानपणी तिथं भाताची खाचरं होती आणि मी ती पायी ओलांडत असे.

पल्लवीनं मला मागच्या दारी नेलं. “आई, येतीस तर ये. पन मामाला कळवायचं न्हाई. मामी सगळ्यांना घरी जेवायला न्हेईल, मग आमी काय रांधायचं? घे माझी शप्पथ.”

मी शपथ घेतली. पुढचा सगळा घोटाळा या एका इमानदारीमुळे झाला.

मुलींना नेणारी बाई, अदिती, पुण्याची. केस आखूड, दंड गवंड्यासारखे. तिनं आधीच बजावलं होतं, “सामान भिजणार नाही असं आणा हं, मावशी.” भिजणार नाही असं आमच्या घरात एकच होतं, माझ्या लग्नातली पत्र्याची पेटी. मी तीत लुगडं, चादर, भाकऱ्या आणि ठेचा भरला आणि कडी लावली.

निघताना आमच्या ह्यांनी पेटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. “होडीवाल्यांना वजनाचं सांगितलंय का?”

“तुमी घरीच बसा गप.”

याला भांडण म्हणत नाहीत. आमच्याकडे याला सकाळचा चहा म्हणतात.

धरणावर पोचलो. पेटी पाहून अदितीचा चेहरा उतरला, पण बिचारीनं ती होडीच्या पुढच्या टोकाला दोरीनं बांधली. मला तिच्याच दोनजणींच्या होडीत बसवलं. साडीवर ते फुगीर जाकीट चढवलं. आणि ऊन लागू नये म्हणून तोंडाला पांढरं मलम फासलं. मुली एकेक होडी घेऊन बदकांसारख्या सरसर निघून गेल्या. आम्ही तिथंच गोल फिरत होतो.

“मावशी, डावीकडून मारा!”

“मारतीय की!”

“ते उजवं आहे!”

अर्ध्या वाटेत माझ्याच वल्ह्याचं पाणी माझ्याच तोंडावर उडालं. मलम डोळ्यांत गेलं. पुढची सगळी वाट मी घळाघळा रडत कापली. काठ जवळ आल्यावर मी म्हणाले, “बाई, मला इथंच उतरव. मी पुढं चालत येते.” आणि तिनं हो म्हणायच्या आत उभी राहिले. होडीनं एक गिरकी घेतली. पाणी गुडघाभरच होतं, पण मी त्यात आडवी पडल्यामुळे ते पुरेसं होतं.

मुली डोंगराच्या सोंडेपलीकडे पोचल्या होत्या. अदितीनं मला आणि पेटीला काठावर काढलं, “मुलींना बघून आलेच,” म्हणाली आणि होडी घेऊन गेली.

तर चित्र असं. माळावर मी एकटी. नखशिखांत भिजलेली, डोळे लालभडक, शेजारी लग्नातली पेटी. आणि नेमकी त्याच वेळी माझी वहिनी म्हशींना पाण्यावर घेऊन आली.

“वन्सं!” ती किंचाळली. “अवो, काय झालं हे?”

“काय सांगू वहिनी. हितवर आले, ते माझं मलाच ठावं.”

“दाजी कुठं हायेत?”

“घरी. त्यांना येऊ नका म्हनले. पुरुषमाणूस नकोच बाई डोळ्यांसमोर!”

वहिनीनं तोंडाला पदर लावला. “मग आता परत?”

“आज तर न्हाईच. आन् जीव गेला तरी या वाटंनं न्हाई!”

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हशी वळवल्या. म्हशी इतक्या पळताना मी आधी पाहिल्या नव्हत्या. मला वाटलं, माझ्यासाठी चहा ठेवायची घाई झाली असेल. शपथ मोडली नव्हती, मामी आपणहून भेटली होती, त्यामुळे माझं मन स्वच्छ होतं.

मी पेटी ओढत मुक्कामावर गेले. मुलींचे तंबू उभे राहत होते. तेवढ्यात टेकाडावरून माणसं उतरायला लागली. पुढं माझा थोरला भाऊ, किसनदादा. मागं दोन चुलते, एक मावसभाऊ, गावचे पोलीस पाटील आणि सगळ्यांत शेवटी पिठल्याचं पातेलं घेतलेली वहिनी.

“मावशी, हे कोण?” अदितीनं विचारलं.

“पावणं हायेत.”

“पण पुरुष नकोत असं ठरलं होतं ना?”

पल्लवी तर रडवेलीच झाली. “तूच सांगितलंस ना मामाला? आता सारिकाच्या आईला कळलं, की समदं संपलं! पुन्हा कुनी पाठवायचं न्हाई आमाला!”

“तुझी शप्पथ, न्हाई सांगितलं!”

“माझीच घेतलीवतीस ना आधी!”

ते खरं असल्यामुळे मी पदर पिळायला घेतला.

मंडळी जांभळीखाली गोल करून बसली. आमच्या माहेरची रीत अशी, की घरच्या लेकीवर काही बाका प्रसंग आला, तर तिला एका शब्दानं विचारायचं नाही. आधी जेवू घालायचं, मग जे बोलायचं ते जावयाशी. त्यामुळे मला कुणी काही विचारेना आणि मी काही सांगेना. मी पिठलं-भाकरी खाल्ली. पोलीस पाटलांनी माझ्याकडं पाहून सुस्कारा सोडला. मीही त्यांच्या मानाखातर एक सोडला.

“बोलवून घेतलंय दाजींना,” दादा म्हणाला. “त्या टेकाडावर रेंज येतीय. ‘बायकोचा विषय हाय, असाल तसं निघा’, एवढंच बोललो.”

माझ्या हातातली भाकरी गळाली. “का?”

“तू नको काळजी करू. आमी हाय.”

आणि दिवस कलायच्या सुमाराला जीप आली. आमचे हे उतरले ते पायजम्यावर बनियन अशा अवस्थेत, कारण त्यांना ‘असाल तसं’ म्हणून सांगितलं होतं. पण जीप होती शेजारची. त्यामुळे त्यांच्या मागून, पोरीच्या काळजीनं पांढऱ्या पडलेल्या सुमनताई उतरल्या. त्यांनी मुलींचे तंबू पाहिले. मग त्यांच्यासमोर कोंडाळं करून बसलेले टोपीवाले बाप्ये पाहिले. पल्लवीनं डोळे गच्च मिटून घेतले.

“दाजी, बसा,” दादा म्हणाला. “आमची बहीण तुमाला जड झाली का?”

हे चपापले. “तुमाला कसं कळलं?”

“म्हंजे म्हनलावता?”

“जड न्हाई. नुसतं वजनाचं बोललो.”

“बघा!” थोरले चुलते गरजले. “कबूल!”

“आन् त्यापायी पोरगी पेटी घिऊन पाण्यात उतरली!” पोलीस पाटील म्हणाले. “बरंवाईट झालं असतं तर?”

आमचे हे घाबरून गेले. “चुकलं माझं. पुन्हा न्हाई बोलनार. तिला जे पायजे ते व्हईल.”

आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिथल्या तिथं खुलासा करायला हवा होता. पण लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच हे चारचौघांत माझी माफी मागत होते. म्हटलं, चाललंय तर होऊ दे पुरं! शिवाय दादानं माझ्या पेटीवर हात ठेवला आणि म्हणाला, “मंदे, जनमभर ऱ्हायलीस तरी आमाला जड न्हाई.” तेव्हा मला खरोखरीचं रडू आलं. भाऊ असावा तर असा. त्या रडण्यानं उरलासुरला संशयही मिटला.

“अवो मामा!” पल्लवी शेवटी ओरडलीच. “भांडण-बिंडण काय न्हाई! आमी सहलीला आलोय! आई आमची राखण करायला आलीय!”

सगळे माझ्याकडं बघू लागले.

“मग ही पेटी?” दादानं विचारलं.

“सामान भिजू नये म्हनून.”

त्यानं कडी काढली. आत काठोकाठ पाणी होतं. वर भाकऱ्या तरंगत होत्या.

सुमनताई आता सावकाश सगळ्या तंबूंमधून फिरून आल्या. सारिकानं चुलीवरची खिचडी त्यांना ताटलीत वाढून दिली. स्वतः केलेली. त्यांनी चाखली.

“कुणी रडलं का गं?” त्यांनी विचारलं.

“एकच जन,” सारिका म्हणाली.

“पाण्यात पडलं का कुणी?”

“तेबी एकच जन.”

आणि दोन्ही वेळा तिनं माझ्याकडंच बोट केलं.

“पोरी ऱ्हातील हितं,” सुमनताई म्हणाल्या. “मीबी ऱ्हाते. बाकीच्यांनी निघा आता!”

पल्लवीनं त्यांना जशी मिठी मारली, तशी मला आजवर मारलेली नाही. मी तंबूकडं निघाले, तर चुलत्यांनी अडवलं. समेट झाल्यावर नवराबायकोनं एकत्रच घरी जायचं असतं, भांडण झालेलं असो वा नसो. वहिनीनं माझी ओटी भरली. दादानं पेटी जीपमध्ये चढवली. निरगुडसरला पोचेपर्यंत हे फक्त एकदाच बोलले. “पिठलं ऱ्हायलं का काय थोडं?”

पुढच्या वर्षी सहलीचं पुन्हा ठरलं, तेव्हा एकाही आईनं कुरकुर केली नाही. मुलींनी खुशाल जावं, असं सुमनताईंनी स्वतःच जाहीर केलं. त्यांची अट एकच होती. पोरी परत येईपर्यंत घरी माझ्याजवळ कुणीतरी पोक्तं माणूस पाहिजे.