वालाचं पुस्तक घेऊन मनोरीला

मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकून चिमटीत दाबले की साल बोटांत राहतं आणि डाळिंबी टुणकन उडते. मुलुंडच्या आमच्या जुन्या दोन खोल्यांत दुपारची आवराआवर झाली की मी परातीपुढे वाल सोलत बसायची आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, सुलूवैनी, दाराला पाठ टेकून पुस्तक वाचून दाखवायच्या. वाचता वाचता, त्याच आवाजात, "एक डाळिंबी कपाटाखाली गेली हां" असंही म्हणायच्या. ते वाक्य पुस्तकातलंच आहे असं मला क्षणभर वाटायचं.

मी चेंबूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी बोलायची फाडफाड, पण वाचायची म्हणजे ओळीखाली बोट ठेवून. वैनी मालवणकडच्या, मराठी शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या. त्या मला "मॅडम" म्हणायच्या, अजूनही म्हणतात. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझं पहिलं बाळ जन्मताच गेलं. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर त्याबद्दल कुणी बोलत नसे. मीही नाही. एका दुपारी वैनींनी परात माझ्यापुढे सरकवली आणि एक पुस्तक उघडलं. ते आमचं वालाचं पुस्तक.

आमच्याकडे पुस्तकांची नावं अशीच पडत. कोलंबी साफ करताना वाचलं ते कोलंबीचं. सुक्या मिरच्यांचे देठ काढताना वाचलं ते मिरच्यांचं. त्यातल्या दुःखी प्रसंगांना आम्ही दोघी शिंकत होतो. वालाच्या पुस्तकात मिठागरावर राबणारी एक विधवा आहे आणि तिची लहान मुलगी, सगुणा. सगुणाला मोठा ताप येतो, सगळे आशा सोडतात, आणि एका पहाटे ती डोळे उघडते, आईने भरवलेल्या पेजेचा घोट घेते आणि म्हणते, "आई, मीठ कमी आहे." मिठागरातली पोर ती! हे वाक्य आमच्या घराने उचललं. माझ्या लेकीचा, मुक्ताचा ताप उतरला की ती डोळे मिटूनच म्हणायची, "मीठ कमी आहे," आणि मी सुटकेचा श्वास टाकायची.

आता प्रवासाकडे येते. यंदा मी त्रेसष्टाव्या वर्षी एक संकल्प केला: वर्षभरात बारा मराठी पुस्तकं, स्वतःची स्वतः वाचायची, एकही पान न गाळता. सात झाली. त्यांतलं खाडीकाठच्या पक्ष्यांवरचं बारीकसं पुस्तक फार आवडलं. आता रोहित पक्षी दिसले की मी त्यांना जुन्या ओळखीच्यांसारखी हात करते. दुसरं आवडतं म्हणजे एका बाईने आपल्या शिवणयंत्राला मध्ये ठेवून सांगितलेलं सगळं आयुष्य. एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी कपाटातून माझ्याकडे बघते. मी तिच्याकडे बघत नाही. आठवं पुस्तक वालाचंच असणार, हे मात्र पक्कं होतं. ते मी नुसतं ऐकलेलं, वाचलेलं कधीच नाही.

तेवढ्यात बोरिवलीहून वैनींच्या मुलाचा, संतोषचा फोन आला. त्यांची इमारत पाडून नवी बांधायची आहे, जागा रिकामी करायची होती. मी गेले तर वैनी सोफ्यावर आणि त्यांच्यापुढे पुस्तकांची दोन कपाटं सताड उघडी.

"काकी, तुम्हीच समजवा हिला," संतोष म्हणाला. "भाड्याची जागा एवढीशी. बिल्डर तीन वर्षं म्हणतोय, म्हणजे पाच धरा. कोणतं पुस्तक कोणाला द्यायचं ते सांग म्हणतोय मी, तर हिचा एकच धोशा."

"रद्दीत घाल," वैनी म्हणाल्या. "माका दिसना नाय. ठेवून काय त्यांची पूजा करू?"

दोन वर्षांपूर्वी वैनींच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, समोरचं नाही. पान दिसतं, अक्षरं दिसत नाहीत. नातवाने फोनवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली, तर म्हणाल्या, "ती बाई बातम्या दिल्यागत वाचता." तेव्हापासून पुस्तक हा विषयच त्यांनी बंद केला होता.

मी म्हटलं, "वैनी, तीन दिवस मला द्या. वालाचं पुस्तक मी तुम्हाला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवते. मग खुशाल रद्दीत घाला सगळं."

त्या हसल्या. "माका अक्षरां दिसनत नाय, तुका जोडाक्षरां येनत नाय. बरी जोडी!" मग एकदम म्हणाल्या, "पण ता नको. दुसरा कायतरी घे."

मला वाटलं, माझं वाचन त्यांना झेपणार नाही. मी इरेला पेटले. त्याच कपाटातून वालाचं पुस्तक काढलं, पिशवीत टाकलं आणि मनोरीला फोन लावला.

मनोरी का, तर घरी फोन वाजतो, बेल वाजते, इमारतीच्या मीटिंगा होतात. बोरिवलीकरांना खरं तर गोराईची बोट जवळ, पण पलीकडून मनोरीपर्यंत पुन्हा रिक्षा करावी लागते. म्हणून आम्ही टॅक्सीने मार्वे गाठलं. मालाड स्टेशनहून बसही मिळते आणि शेअर रिक्षाही. रविवार टाळा, गर्दी असते. बोटीचं तिकीट अगदी किरकोळ, सुटे जवळ ठेवा. ओहोटीला चढउतर जरा अवघड जाते; गुडघे दुखणाऱ्यांनी भरतीची वेळ विचारून निघावं. वैनींना दोघा कोळ्यांनी दोन्ही दंडांना धरून अलगद आत घेतलं. "आज्जी, पाय मोठा टाका, खाडी कुठे जात नाय," एकजण म्हणाला. "माझो पाय जाईत मां!" वैनी म्हणाल्या, आणि बोटभर हशा पिकला.

पलीकडे उतरताच वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला. वैनींनी छाती भरून श्वास घेतला. ज्यांना हा वास चालत नाही त्यांनी दुसरीकडे जावं.

आमची खोली प्रेमाताईंच्या घरामागे, समुद्राकडे उघडणाऱ्या पडवीची. प्रेमाताई कोळीण, पन्नाशीच्या, नवऱ्याची होडी आहे. दोघींचं राहणं-जेवण तीन दिवसांचं मिळून सहा हजारांत बसलं. शनिवार-रविवारी जास्त घेतात. एसी नाही, वारा आहे. पहिल्या दुपारी तळलेली मांदेली, तांदळाची भाकरी आणि सोलकढी जेवून आम्ही पडवीत बसलो आणि मी पुस्तक उघडलं.

"नववं पान," मी म्हटलं. "पहिली आठ पानं कुठे गेली?"

"नीट बघ गो. मराठी एक तो."

मराठीतला एक मला कायम इंग्रजी नऊसारखा दिसतो. चाराचा आठ करून मी आयुष्यात बऱ्याच चुकीच्या बसमध्ये बसले आहे. छपाई जुनी, अक्षरं विरलेली. दुसऱ्याच परिच्छेदात मी अडखळले. "ओहोटीला ती रवाजणातून चालत..." मी थांबले. "वैनी, रवाजण म्हणजे?"

वैनींनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. "खाजण गो! ख आहे तो, ख! खाडीकडली दलदल ती, रव्याचो लाडू नाय!"

ओट्यावर मासे निवडणाऱ्या प्रेमाताईसुद्धा हसल्या. "शाळा भरली वाटतं!" त्या म्हणाल्या आणि आपली पाटी घेऊन ऐकायला जवळ येऊन बसल्या. पुस्तक जेमतेम सव्वाशे पानांचं. माझ्या गतीने संध्याकाळपर्यंत तीस पानं झाली. घसा बसला, पण गाळलं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर फिरून आलो. वैनी समुद्राकडे तिरकं बघतात, कडेच्या नजरेने. "लाट येताना दिसता, फुटताना नाय," म्हणाल्या. मग न्याहारीनंतर वाचन, जेवणानंतर वाचन. वैनी आता पाठ टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या. माझा एखादा शब्द अडला की त्या तो हलकेच पुढे ठेवायच्या, जसं मूल चालायला शिकताना आपण बोट पुढे करतो. संध्याकाळी सगुणाला ताप चढला. मी पान उलटणार, तोच वैनी म्हणाल्या, "पुरे आता. झोप येता माका." उजेड अजून भरपूर होता.

तिसऱ्या सकाळी मी पुस्तक घेऊन बसले, तर त्या म्हणाल्या, "ती तापाची पानां गाळ. पुढे वाच."

"का?"

"कंटाळवाणी आसत."

"वैनी, यंदा एकही पान गाळायचं नाही असं ठरवलंय मी. आणि मीठ कमी आहे हे त्याच पानांत येतं. त्यासाठी तर इथवर आले." त्यांनी डोळे मिटून घेतले. प्रेमाताई कोलंबीची पाटी घेऊन बसल्या होत्या. मी वाचू लागले.

ताप वाढला. वैद्य येऊन गेला. आईने पहाटे चूल पेटवली, पेज केली, वाटी घेऊन मुलीच्या उशाशी बसली. मी पान उलटलं. पेजेवर साय धरली. आई वाटी घेऊन बसूनच होती. बाहेर मिठागरावर माणसं कामाला आली. कुणीतरी आत येऊन तिच्या हातातली वाटी काढून घेतली.

मी थांबले. दोन पानं चिकटली असावीत म्हणून मागे गेले. पानांचे आकडे पाहिले. माझ्या आकड्यांचा भरवसा नाही म्हणून पुन्हा पाहिले. काही सुटलं नव्हतं.

प्रेमाताईंचे हात थांबले होते. "म्हणजे? पोर वाचली नाय?"

वैनींनी डोळे उघडले. "पुस्तकात नाय," त्या म्हणाल्या. "मी वाचलं तेव्हा वाचली."

वैनी फार मनापासून बोलू लागल्या की मालवणी सोडून शाळेतल्या मराठीत येतात. तशाच आवाजात त्या म्हणाल्या, "पुस्तक हातात घेतलं तेव्हा मला ठाऊक नव्हतं गं. वाचता वाचता पानावर पुढचं दिसलं. तू समोर वाल सोलत होतीस. काय वाचणार होते तुझ्यापुढे?"

"आणि पुढची सगळी पानं? सगुणा मोठी होते, तिचं लग्न, ते गलबत..."

"सकाळी भाकऱ्या भाजताना रचायची. दुपारी पुस्तक उघडं धरून सांगायची. तुला कुठे वाचता येत होतं, मॅडम!"

मला हसू आलं आणि भलतंच काहीतरी झालं. मी विचारलं, "मीठ कमी आहे, हेही तुमचंच?"

"नाही. ते तुझं." वैनींनी चाचपडत माझा हात धरला. "हॉस्पिटलातून आल्यापासून तू तोंड उघडलं नव्हतंस. पुढ्यात ठेवलेलं तसंच परत. त्या दिवशी सकाळी मी पेज दिली, तू दोन घोट घेतलेस आणि म्हणालीस, वैनी, मीठ कमी आहे. मी मोरीत जाऊन रडले. दुपारी तेच तिच्या तोंडात घातलं."

मला ते अजिबात आठवत नाही.

माझा हात सोडून वैनी म्हणाल्या, "आता ठेव पुस्तक. झालं तुझं."

"नाही झालं. तीसेक पानं आहेत अजून."

सगुणा गेल्यावर तिची आई काय करते, हे मला ठाऊक नव्हतं. मला ते वाचायचं होतं. दोनदा थांबले. पाणी प्याले, त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि पुन्हा सुरू केलं. ती बाई पावसाळाभर अंथरुणाला खिळते. मग हंगाम येतो, आणि एका ओहोटीला ती उठून खाजणातून चालत मिठागरावर जाते. बस. तिथे पुस्तक संपतं. खाजण मी एकदाही चुकले नाही.

"चांगलं लिहिलंय की," वैनी सावकाश म्हणाल्या. "तेव्हा मी एकटीने घाईघाईत वाचलं होतं. तुझ्याबरोबर वाचायला हवं होतं." प्रेमाताईंनी डोळे दंडाला पुसले, कारण हात कोलंबीचे होते. मग वैनी माझ्याकडे वळल्या, तिरक्या नजरेने. "दुसरा काय आणलंस वाचूक?"

परतीच्या बोटीत, मार्वेचा धक्का येईपर्यंत, वैनींनी कुणाला काय द्यायचं ते सांगितलं. रद्दीचं नाव निघालं नाही. घरचे सगळे हा ब्लॉग वाचतात, म्हणून इथेच लिहून टाकते, म्हणजे नंतर वाद नकोत.

संतोष, देवाधर्माची पोथ्यापुस्तकं तुझ्याकडे राहतील, त्यांना जागा लागत नाही असं आईचं म्हणणं आहे. मिरच्यांचं पुस्तक तुझ्या बायकोला; रडवणारं आहे, रुमाल घेऊन बस म्हणावं. शब्दकोश मला दिलाय, टोमण्यासकट. कोलंबीचं पुस्तक मनोरीला प्रेमाताईंकडे जाईल. त्यांच्या सुनेने ते कोलंबी साफ होत असताना मोठ्याने वाचायचं, ही अट. वैनींनी अजून न वाचलेली पुस्तकं, आणि ती निम्मं कपाट भरतील, मुलुंडला माझ्याकडे येतील. दर बुधवारी मी त्यांतलं एक घेऊन बोरिवलीला जाणार आहे, घर भाड्याचं असो की नवं. बाराचा संकल्प मी मोडला. आता आकडा नाही. त्या जाड कादंबरीनेही तयारीत राहावं.

आणि मुक्ता, वालाचं पुस्तक तुला. तुझंही मराठी माझ्यासारखंच, तेव्हा बोट ठेवून वाच, अडखळ, पण पान गाळू नकोस. छापलंय तसं शेवटपर्यंत वाच. मग सुट्टी काढून घरी ये. पुस्तक बंगळुरूला कुरियरने येईल, पण तुझ्या सुलू मोठीआईने वाचलेली सगुणा कुरियरने येत नाही. त्यासाठी परातीपुढे बसावं लागतं. वाल मी भिजत घालते.