एक नाव राहिलं

मधू गेल्याची बातमी मेहकरच्या बसच्या कंडक्टरने आणली. मी कचेरीत जेवणाचा डबा सोडत होतो. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मधुकर गुरुजी काल शाळेत खुर्चीवरच गेले. वहिनीनं तुमाले सांगाले लावलं." मी डबा परत बांधला, हे आठवतं. पुढे दिवसभर काय केलं ते आठवत नाही. पंधराच दिवसांपूर्वी तो शाळेच्या कामासाठी बुलढाण्याला आला होता. स्टँडवर चहा पिताना त्याने विचारलं, "औंदा तू येतं का रे जानेफळले?" मी हसून म्हणालो, "तुझी खासगी पाहणी तूच कर बापा." तोही हसला. बस लागली तशी पिशवी काखेत मारून चढला, खिडकीतून हात केला... त्या हसण्याची मला आता भीती वाटते.

ही पाहणी काय, ते सांगायला हवं. महाराष्ट्र राज्याला नुकतं एक वर्ष झालं होतं. आम्ही दोघं कॉलेजात होतो, आणि अर्थशास्त्राच्या मुलांना उन्हाळ्यात महिनाभर कुटुंब पाहणीच्या कामावर पाठवत. तीन उन्हाळे केले की एक दाखला मिळे, नोकरीच्या अर्जाला जोडायला. या पाहणीत घरं तीच असत आणि प्रश्नही तेच, वर्षानुवर्षं. जाणारी मुलं तेवढी बदलत. गेल्या वर्षीची नावं तक्त्यावर शाईने उतरवून आमच्या हाती देत. ओसरीत बसून एकेक नाव मोठ्याने वाचायचं. घरच्यांनी 'हाये' म्हटलं की वयात एक मिळवायचं. माणूस नसेल तर नावावर तांबड्या पेन्सिलीची रेघ मारून बाजूला कारण लिहायचं: लग्न, स्थलांतर, मृत्यू.

जानेफळला किसनरावांचं घर पहिल्याच वर्षी आमच्या वाट्याला आलं. किसनराव, त्यांची बायको सखुबाई आणि चौदा वर्षांची शेवंता, एवढीच माणसं. शेवंताने आम्हाला पाणी दिलं आणि मधूच्या खांद्यावरून तक्त्यात डोकावून विचारलं, "माह्यं नाव कोनतं?" मधूने बोट ठेवून दाखवलं. "हे आता कोठी जाईन?" तो म्हणाला, "बुलढाण्याले." त्यावर ती टाळी वाजवून म्हणाली, "मंग मी बुल्ढान्याले गेली म्हना!" मेहकरच्या पुढे ती कधी गेली नव्हती. सखुबाईंनी तिला दटावलं, पण त्यांनाही हसू आवरेना.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आम्हीच गेलो. मधू वाचत होता. किसनराव, हाये. सखुबाई, हाये. शेवंता, वय चौदा... किसनराव उठले आणि गोठ्याकडे गेले. सखुबाई म्हणाल्या, "हाये. धाब्यावर मिरच्या वाळू घालून राह्यली. पंधरा लिवा." मधूने पंधरा लिहिलं. मी सहज वर, घराच्या सपाट मातीच्या छताकडे पाहिलं. धाबं रिकामं होतं. बाहेर पडल्यावर शेजारणीने सांगितलं, दिवाळीच्या आधी तापात गेली पोरगी, तीन दिवसांत. मी पेन्सिल काढून मधूपुढे धरली. कायदा तो कायदा, हा माझा तेव्हापासूनचा खाक्या. मधू म्हणाला, "मंग जाय बे आत. तिच्यापुढं बसून तूच मार रेघ." मी गेलो नाही. तक्त्यावर दोघांच्या सह्या करून आम्ही निघालो.

तिसऱ्या वर्षी मधूला दुसरं गाव मिळालं आणि जानेफळ एकट्या माझ्याकडे आलं. वर्षभर ती खोटी सही मला टोचत होती, असं मी म्हणे. खरं सांगायचं तर मला दाखल्याची काळजी होती. तपासणीत पकडलं गेलं तर काय घ्या! म्हणून मी जानेफळच्या स्टँडवर, बाकावर बसून, आधीच रेघ मारून ठेवली. कारण: मृत्यू. ओसरीत दोनच नावं वाचली आणि पुढचा प्रश्न काढला.

"एक राह्यलं," सखुबाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "एवढीच आहेत." त्यांना वाचता येत नव्हतं, पण तांबडी रेघ दिसत होती. त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. चिडल्या असत्या, रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग आता ती बुल्ढान्यालेबी नाही म्हना." पुढच्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी सरळ दिली. गुरं किती, ज्वारी किती, सगळी. मी ती लिहून घेतली. मला दाखला मिळाला, त्यावर 'काम चोख' असा शेरा होता. त्याच दाखल्यावर मला ही नोकरी लागली.

मधूला हे मीच सांगितलं. तो भांडला नाही, पण वर्षभर मला भेटला नाही. पुढे मेहकरला मास्तर झाल्यावर त्याने एक वही घेतली, तसेच रकाने आखले आणि दर उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागली की, जानेफळला जाऊन तीन नावं वाचू लागला. आम्ही पुन्हा बोलू लागलो तेव्हा मी त्याची थट्टाच करायचो. एकदा चिडून म्हणालो, "काऊन बे, मेलेल्या पोरीचं वय वाढवून काय मिळते तुले?" तो म्हणाला, "मले काय मिळते? तिच्या मायले दिवसभर बरं वाटते." मग त्याने विषय बदलला.

तेरावं झाल्यावर वहिनींनी ती वही माझ्यापुढे ठेवली. "भावजी, सुट्टी लागून गेली. जानेफळच्या त्या बाईचा निरोप आला, मास्तर काऊन नाही आले म्हनून. मी काय सांगू?" मी वही चाळली. किसनरावांच्या नावावर तांबडी रेघ होती आणि बाजूला मधूच्या अक्षरात लिहिलं होतं, 'सखुबाईंनी सांगितल्यावरून.' शेवंताच्या ओळीत आकडे चालत गेले होते. सतरा, अठरा, एकोणीस... शेवटचा एकोणतीस. पुढचा रकाना आखलेला होता. त्याने तो आधीच आखून ठेवला होता.

परवा मी जानेफळला गेलो. सखुबाई आता फार वाकल्या आहेत. त्यांनी मला ओळखलं, पण ओळखलंय असं दाखवलं नाही. मधूचं त्यांच्या कानावर आलं होतं. मी ओसरीत बसलो आणि वाचलं. सखुबाई, हाये. शेवंता... "हाये," त्या म्हणाल्या, "तीस लिवा." मी तीस लिहिलं. वही मिटायला लागलो तशी त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

"एक राह्यलं."

मला कळेना. त्या म्हणाल्या, "मास्तर. किती वय त्याईचं?"

"पस्तीस होतं."

"मंग छत्तीस लिवा."

शेवंताच्या खालच्या ओळीत मी मधूचं नाव लिहिलं, शाईने. वही आता बुलढाण्याला, माझ्या टेबलाच्या खणात आहे. दोघंही तिथेच आहेत. पुढच्या उन्हाळ्यात मला जायचं आहे.