पहिल्या पंचमीसाठी रुंद चाक

लढाई संपली आणि बेळगावच्या कॅम्पात लष्कराचं जुनं सामान लिलावात निघालं. लोकांनी तंबू घेतले, घमेली घेतली, कुणी शहाण्यानं लोखंडी खाटा घेतल्या. मी फटफटी घेतली. मी कचेरीतला कारकून, घरी भाताची शेती. आई एवढंच म्हणाली, "ह्येच्यापरास एक म्हस आली असती की रं."

पुढच्या माघात धाकट्या बहिणीचं लग्न झालं आणि ती निपाणीच्या अलीकडे काळ्या रानातल्या एका गावी नांदायला गेली. पहिली पंचमी जवळ आली तसं तिचं कार्ड आलं. "अण्णा, न्यायला येणार असशील तर फटफटीवरनं ये. मी सगळ्यांस्नी सांगून बसलोय. न्हायतर येऊ नको." आता एवढं लिहिल्यावर कोण गप्प बसतो? वाट बघून ठेवावी म्हणून आठ दिवस आधीच एक फेरी मारली. गावाच्या तोंडाशी ओढा, ओढ्याच्या अलीकडे काळी माती. आमच्या भाताच्या चिखलात पाय तरी निघतो. ही माती सोडायचं नावच घेत नाही. मागचं चाक फिरत राहिलं आणि फिरता फिरता खाली गेलं. शेवटी तिच्या सासऱ्यांनी बैल जुंपून मला आणि फटफटीला बाहेर काढलं. अख्खं गाव बघत होतं.

सासरे सरळ बोलले. "पावणं, सून आमची हाय. वड्यात बसवून ठिवायला देणार न्हाय. ही गाडी वडा वलांडून दाखवा, मगच पोरीला घेऊन जावा. न्हायतर ऱ्हाऊ दे औंदाची पंचमी." दाराआडून बहिणीचे डोळे दिसले. मी परतलो तो पेटूनच.

चाक बारीक होतं, दुसरं काय! त्याच लिलावाच्या ढिगात बाजूगाडी जोडायच्या फटफटीचं एक चाक सापडलं, चांगलं हाताच्या पंजाएवढं रुंद. पेठेतल्या सायकलवाल्यानं ते हातात फिरवून बघितलं आणि बसणार नाही म्हणाला. मी बसवच म्हणालो. दोन दिवस तो आणि मी त्याच्या फळीपुढे बसून होतो. मागचं चाक धरणारा चिमटा पहारीनं फाकवला, तरी टायर मडगार्डाला घासायचा. मग त्यानं एका बाजूला तीन वायसर, म्हणजे लोखंडी चकत्या, घालून चाक थोडं उजवीकडे सरकवलं. घासणं थांबलं. मी पेठेतून दोन चकरा मारल्या, छाती गजभर फुगवून. कचेरीतले झाडून सगळे बाहेर येऊन चाक दाबून बघत होते. साहेबानंसुद्धा दाबलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळीच निघालो. संकेश्वरपर्यंत चेन दोनदा उतरली, पण चिखलात चाक रुतलं नाही. ओढा पार करून थेट अंगणात गेलो आणि मिशीवरून हात फिरवला. सासरे मात्र माझ्याकडे न बघता आलेल्या वाटेकडेच बघत होते.

"पावणं, हिकडं या. पुढचं चाक ह्या वाटंनं आलंय, मागचं त्या वाटंनं. दोघांचं भांडान हाय व्हय?"

ओल्या मातीत खरंच दोन रेघा उठल्या होत्या, मागची पुढचीपेक्षा दोन बोटं उजवीकडे सरकलेली. माझं तोंड एवढंसं झालं. सासरे आत गेले आणि सुतळी घेऊन आले. पेरणीच्या कुरीचे फण ते असेच सुतळीनं सरळ लावत. तासाची ओळ वाकडी आली तर पीक उगवल्यावर सारं गाव हसतं. सुतळीचं एक टोक पुढच्या चाकाशी माझ्या हातात, दुसरं मागच्या चाकाशी त्यांच्या हातात. एक डोळा मिटून ते म्हणाले, "काढा त्या चकत्या."

"मडगार्डाला घासतंय, आप्पा."

"मग मडगार्ड काढा. त्येचं काय लोणचं घालायचंय?"

मडगार्ड काढलं, वायसर काढले. चाक मधोमध आलं आणि चेनही सरळ झाली. मला कमालीचा राग आला, स्वतःचाच. बैलाच्या शेपटीमागे जन्म गेलेल्या माणसाला जे एका नजरेत दिसलं, ते आम्हा दोघा शहाण्यांना दोन दिवसांत दिसलं नव्हतं.

"आता मी बसून बघतो," म्हणत सासऱ्यांनी पटका आवळला आणि मागे बसले. ओढ्यातून पलीकडे गेलो, वळून अलीकडे आलो. त्यांच्या पाठीवर चिखलाची नक्षी उमटली होती. मी थांबलो, पण ते उतरेचनात. "आनि एकदा जाऊन येऊ," हळूच म्हणाले. अशा चार फेऱ्या झाल्या. बहिणीच्या सासूबाई ओरडल्या तेव्हा कुठे उतरले, आणि स्वतः घोंगडं आणून सुनेच्या अंगावर टाकलं. "चिखल उडंल गं पोरी, नीट लपेटून बस."

ओढा ओलांडून सडकेला लागलो तशी मी गाडी थांबवली. घोंगड्यातून तिचं नुसतं नाक बाहेर होतं, आणि त्यालाही चिखल.

"काय गं, झाली का हौस?"

"मला कशाची हौस? भ्या वाटतंय मला हिचं."

"मग कार्डात काय लिहिलंस?"

"पाडव्याला न्यायला काकाला धाडलास. बेंदराला गड्याला. फटफटीवरनं ये म्हटल्याबिगर तू सोता कुठला येतोयस?"

मला लाज वाटली, आणि लाजेहून मोठा आनंद झाला, की कुणाला तरी मीच यायला हवा होतो. पुढे घरापर्यंत गाडी इतकी हळू चालवली की बैलगाडीवाले ओलांडून गेले. पंचमीला कचेरीत रजा टाकली आणि दिवसभर तिला झोका दिला.