सूत सोडून काहीही

माग झाडला की खालून रोज कचरा निघतो, तसे आमच्या धारवाडच्या विणकामाच्या क्लासातून किस्से निघतात. आज झाडा, उद्या पुन्हा आहेतच! त्यात यंदा मी नियम केला, सूत सोडून काहीही आणा आणि विणा. मग काय विचारता!

रिटायर्ड वकील देसाई अण्णा जुन्या फायलींच्या लाल फिती घेऊन आले. आसन विणायला बसले. बाकीच्यांचं विणून झालं तरी यांचं आपलं अर्धवटच.

"अण्णा, कधी संपणार?"

"या फितींतली एक तरी केस लवकर संपली होती का? मग आसन कसं संपेल!"

कॉलेजातल्या शिल्पानं निळी नायलॉनची दोरी आणली होती. वीतभर पट्टी विणून झाली आणि आईचा फोन. "अगं, धुणं वाळत घालायची दोरी कुठं गेली?"

शिल्पा शांतपणे म्हणाली, "आई, अर्धीच आणलीय. अर्धं धुणं वाळत घाल की!"

मी तरी कुठं शहाणी! दुधाच्या पिशव्या कापून पट्ट्या केल्या, पण नीट धुतल्याच नाहीत. दुपारी जिन्यात मांजरं जमली. वासानं खालचे घरमालक वर आले.

"एन्‌री, काय हो मॅडम, डेअरी काढली तर सांगायचं नाही होय? आमचं रोज अर्धा लिटर लावा की!"

सुमित्रा अक्कांचं आठवलं की मात्र मला अजून भरून येतं. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या तोंडून त्यांनी एकदाही 'छान' ऐकलं नव्हतं. आमटी अळणी, भाकरी जाड, रोजचं ठरलेलं. अक्कांनी अमरगोळच्या मार्केट यार्डातून मक्याच्या कणसांची सालं आणली, भिजवली, पिळली आणि अख्खा पडदा विणला. इतका देखणा, की मी बघतच राहिले.

"क्लासच्या प्रदर्शनाला यांना घेऊन येते," अक्का म्हणाल्या. "एकदा तरी छान म्हणायला लावते!"

प्रदर्शनाच्या सकाळी पडदा घरमालकांच्या अंगणात टांगला. आम्ही सगळे चहाला वळलो आणि फाटक उघडंच राहिलं.

अक्का नवऱ्याला घेऊन आल्या, तेव्हा शेजारची गाय पडद्याची शेवटची पट्टी चघळत होती.

मला रडूच फुटलं. अक्कांनी गाईकडे बघितलं. मग नवऱ्याकडे वळल्या.

"बघितलंत? नावं न ठेवता सगळं संपवलं तिनं!"